संगणकाचा न दिसणारा वीजखर्च

श्रीपेरुंबुदूर हे नाव मराठी वाचकाच्या कानावर बहुधा दोन कारणांनी आलेले असते. विशिष्टाद्वैताचे आचार्य रामानुज यांचे ते जन्मस्थान; आणि २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली, तीही याच गावी. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर वसलेल्या या देवळाच्या गावाला गेल्या वीस वर्षांत तिसरी ओळख मिळाली. २००६ साली नोकिया कंपनीचा मोबाइल फोनचा कारखाना येथे चालू झाला व २०१४ साली बंदही पडला. २००७ साली डेल कंपनीने येथे संगणकांचा कारखाना काढला. त्यामागून इतरही अनेक आले. आपल्या शाळेतील किंवा वाचनालयातील संगणकाच्या पाठीवरची चिठ्ठी वाचून पाहावी. त्याची जुळणी याच परिसरात झालेली असण्याचा संभव आहे.

‘जुळणी’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. पेटी, पडदा, पंखा, चकती आणि चिपा बसविलेली पाटी एकत्र आणून पुरा संगणक सिद्ध करावयाचा, हे काम श्रीपेरुंबुदूरला होते. परंतु त्यातील चिपा बहुतांशी तैवान, दक्षिण कोरिया अशा दूरच्या देशांतून आलेल्या असतात. संगणक वीज किती खातो, असा प्रश्न आपण घरी विचारतो तेव्हा आपली दृष्टी भिंतीवरच्या मीटरपुरतीच पोचते. तो मीटर फिरू लागण्यापूर्वीच, परदेशी, पुष्कळ ऊर्जा खर्च होऊन गेलेली असते. या दोन्ही खर्चांचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून संगणकाच्या काटकसरीविषयी खरे असे काही सांगता येत नाही.

प्रथम मीटरवरचा खर्च पाहू. आपण ‘वीज किती लागते’ असे सरसकट म्हणतो व त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो. अनुवादकाला तर हा घोटाळा पदोपदी निस्तरावा लागतो. वॅट हा गाडीच्या वेगासारखा आहे, युनिट हे तिने कापलेल्या अंतरासारखे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. मी माझ्या घरच्या संगणकाच्या सॉकेटला एक छोटा वॅटमापक लावून पाहिला. टेबलावरचा संगणक व त्याचा पडदा मिळून काम करताना ८० वॅटच्या आसपास घेत होते. रोज पाच तास धरले तर वर्षाची १४६ युनिटे झाली. हेच यंत्र कोणी रात्रंदिवस चालू ठेवले, तर आकडा ७०० युनिटांवर जातो. लॅपटॉपला साधारण २५ वॅट पुरतात. पाच तासांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे ४६ युनिटे.

मला खरे आश्चर्य वाटले ते निराळ्याच आकड्याचे. संगणक बंद होता, पडदा बंद होता, तरी मापकावर ८ वॅट दिसत होते. ते घेत होता यूपीएस. बंद संगणकामागे रोजचे १९ तास तो असाच जागा राहिला, तर वर्षाला ५५ युनिटे जातात. म्हणजे एका लॅपटॉपच्या वर्षभराच्या कामापेक्षा अधिक वीज काहीही काम न होता संपते. आपल्याकडे भिंतीवरच्या प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असते. अनेक देशांत ही सोय नाही. ते बटण खाली करण्याचा कंटाळा मात्र आपण आवर्जून करतो.

पडद्यावर मासे पोहतात, रंगीत रेषा नाचतात, तो स्क्रीनसेव्हर वीज वाचवतो अशी समजूत अद्याप आढळते. तो निघाला जुन्या काचनळीच्या पडद्यासाठी. एकच चित्र फार वेळ राहिले तर नळीच्या आतील लेपावर त्याचा डाग कायमचा उमटत असे, एवढेच त्याचे कारण. त्याने वीज वाचत नाही. पडदा काळा होऊन बंद झाला पाहिजे. दहा मिनिटे हात लागला नाही की पडदा मिटावा आणि अर्ध्या तासाने संगणक स्लीप अवस्थेत जावा, अशी योजना प्रत्येक संगणकात एकदाच करून ठेवता येते. त्या अवस्थेत त्याला दोनतीन वॅट पुरतात.

संगणकात गेलेल्या विजेची अखेर जवळजवळ सर्वस्वी उष्णता होते. मे महिन्यात चेन्नईचा पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा वातानुकूलित खोलीतील संगणकाची ही उष्णता बाहेर लोटण्यासाठी पुन्हा वीज लागते. स्थूलमानाने दर तीन वॅटमागे आणखी एक. आणि ही वीज येते कोठून? चेन्नईच्या उत्तरेस एन्नूरच्या परिसरात समुद्रमार्गे आलेल्या कोळशावर मोठी औष्णिक केंद्रे चालतात. तेथील राख एन्नूरच्या खाडीत शिरल्याने मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्यांची जी हानी झाली, तिची गाऱ्हाणी न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत. तमिळनाडूत पवनचक्क्या व सौर प्रकल्पही मोठे आहेत. तथापि सबंध देशाची सरासरी घेतली तर आज एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या मानाने वर उल्लेखिलेल्या टेबलावरच्या संगणकाचे वर्षाला १०० किलो, लॅपटॉपचे ३२ किलो.

आता न दिसणारा खर्च. चिप बनते सिलिकॉनपासून, आणि ते इतके शुद्ध लागते की अब्ज अणूंमागे एखादा अणू परका चालत नाही. ही शुद्धी प्रचंड तापमानावर होते. पुढे धूळमुक्त दालनांत शेकडो टप्प्यांनी चिपेवर नक्षी कोरली जाते. त्या दालनांची हवा रात्रंदिवस गाळली जाते, आणि प्रत्येक धुण्याला पराकाष्ठेचे शुद्ध पाणी लागते. २०२१ साली तैवानात अवर्षण पडले, तेव्हा काही भागांत शेतीचे पाटपाणी बंद ठेवावे लागले आणि चिपांच्या कारखान्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले. कोरणीसाठी वापरले जाणारे काही फ्लोरिनयुक्त वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पटींनी उष्णता धरून ठेवतात.

एरिक विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनी संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी केलेला एक हिशेब २००४ साली सर्वत्र गाजला. काचनळीच्या पडद्यासह एक संगणक तयार करण्यास २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने व १५०० किलो पाणी लागते, असे त्यांना आढळले. मोटारीला किंवा शीतकपाटाला स्वतःच्या वजनाच्या एकदोन पट इंधन लागते. संगणकाला दहा पट. आजच्या लॅपटॉपचे आकडे कारखानदार स्वतःच प्रसिद्ध करतात. ते यंत्रागणिक बदलतात, पण घडणीचा भाग २०० किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर फारशी चूक होणार नाही.

येथे पाटीवर एक भागाकार करावा. २०० किलो चार वर्षांवर वाटले तर दर वर्षी ५० पडतात, म्हणजे लॅपटॉप चालविण्याच्या ३२ किलोंहून पुष्कळ अधिक. तोच लॅपटॉप आठ वर्षे टिकवला तर २५. पडद्याचा उजेड कमी करण्यासारख्या सगळ्या युक्त्या योजूनही ३२ मधून २५ किलो वाचविणे अशक्यप्राय आहे. यंत्र चार वर्षे अधिक वापरले की तेवढे सहज वाचतात. ‘नवे यंत्र कमी वीज खाते, म्हणून जुने टाका’ हा दुकानदाराचा युक्तिवाद त्यामुळे लॅपटॉपच्या बाबतीत सहसा टिकत नाही. काचनळीचा पडदा मात्र याला अपवाद आहे. सपाट पडद्यापेक्षा तो ६० वॅटच्या आसपास जास्त घेतो, म्हणजे वर्षाला ११० युनिटे. तो कोठे शिल्लक असेल, तर त्याची माया धरू नये.

हा हिशेब केवळ पाटीवरचा नव्हे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुढची प्रणाली हजारो धडधाकट संगणकांवर चढत नाही. यंत्र बिघडलेले नसते, तिच्या अटीत बसत नाही इतकेच. अशी यंत्रे जुन्याच प्रणालीवर आंतरजालाला जोडून ठेवणे धोक्याचे आहे, हे खरे. पण म्हणून ती भंगारात घालण्याचे कारण नाही. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या मूळच्या पुण्याच्या संस्थेच्या चेन्नई शाखेने ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली तयार केली आहे. ती विनामूल्य आहे व मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. लेखन, वाचन, ग्रंथसूची, आंतरजाल एवढ्यासाठी तिच्यासारखी प्रणाली पुरेशी होते. जोडीला फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवावी आणि शक्य तर रॅम वाढवावी. सुस्तावलेला संगणक चपळ होतो, आणि हे काम गावातला दुरुस्ती करणारा तासाभरात करतो. शाळेच्या निर्लेखनाच्या यादीत एखादे यंत्र चढविण्यापूर्वी हा प्रयोग एकावर तरी करून पाहावा, असे मला वाटते.

तरीही एके दिवशी यंत्राचा शेवट होतोच. ते रद्दीवाल्याच्या काट्यावर गेले, तर पुढे कोठेतरी तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि त्यांवरच्या प्लास्टिकच्या धुरातून डायऑक्सिनसारखी विषे निघतात. पाट्यांतील सोन्यासाठी त्या आम्लात बुडविल्या जातात. काचनळीत शिसे असते, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा. हे काम उघड्या हातांनी करणाऱ्यांत लहान मुलेही असतात. २०१२ साली अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी यंत्र परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नवी आवृत्ती लागू आहे. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करते. चेन्नईच्या परिसरात असे कारखाने आहेत, तसे महाराष्ट्रातही. यंत्र देण्यापूर्वी चकतीवरची माहिती पुसावी, बॅटरी फुगलेली असल्यास तसे स्पष्ट सांगावे, आणि पावती घेऊन तिच्यावरील नाव त्या यादीशी ताडून पाहावे.