‘वर सांगितल्याप्रमाणे’ आता चालत नाही

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वर्षानुवर्षं वर्डमध्ये मॅन्युअलं लिहिलेल्या टेक्निकल रायटरला डिटा (DITA) या एक्सएमएल लेखनपद्धतीकडे वळवलं, की टॅगची धास्ती लवकरच जाते. ऑक्सिजनसारख्या एडिटरवर हात बसतो. खरी अडचण पुढे येते, ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असं लिहायला बोटं वळवळतात तेव्हा.

कारण डिटात ‘वर’ असं काही नसतंच. कल्पना समजावणारा कन्सेप्ट, कृती सांगणारा टास्क, तक्ते आणि तपशील देणारा रेफरन्स असे सुटे टॉपिक लिहायचे. त्यांचा क्रम मॅप नावाच्या वेगळ्या फाइलीत लागतो. तोच टॉपिक एका मॅपमध्ये तिसरा, तर दुसऱ्यात शेवटचा. आपला शेजारी कोण, हे त्याला ठाऊक नसतं.

ही पद्धत आयबीएममध्ये जन्मली, २००१ मध्ये जाहीर झाली आणि २००५ मध्ये ओएसिस या मानकसंस्थेने तिला मानकाचा दर्जा दिला. नावातला ‘डी’ डार्विनचा, कारण मूळ प्रकारांचे गुण वारशाने घेऊन नवे प्रकार घडवता येतात.

टास्क लिहिताना सर्वांत जास्त झटापट होते. आधी कारण सांगावं, मग हळूच काम सांगावं, ही आपली सवय. एडिटर ते चालू देत नाही. प्रत्येक पायरीत आज्ञा एकच. स्पष्टीकरण आणि परिणाम तिच्यामागून. आज्ञेच्या पुढे जागा मिळते ती टीप किंवा धोक्याचा इशारा यांना, आणि ते योग्यच आहे. ‘झाकण उघडा’ म्हटल्यावर ‘आत वीज आहे’ सांगून काय उपयोग?

मग येतो कॉनरेफ. बॅकअपचा इशारा एकदाच लिहायचा आणि हवा तिथे नुसता संदर्भ द्यायचा. मूळ बदललं की पुढच्या बिल्डमध्ये सगळीकडे बदलतं. सोय मोठी, धाकही तेवढाच: आपण एक शब्द हलवला, तर कुणाच्या मॅन्युअलमध्ये काय हलेल? म्हणून जाणते रायटरसुद्धा दुसऱ्याच्या टॉपिकची गुपचूप प्रत काढून आपल्यापुरती दुरुस्त करतात. काही महिन्यांनी जवळपास सारखे दोन टॉपिक उरतात आणि खरा कोणता, यावर मीटिंग बसते. टूल बदललं तरी ‘माझं मॅन्युअल’ ही भावना सुटायला वेळ लागतो, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधायची गरज नाही.

कॉनरेफने अर्धवट वाक्यं पुन्हा वापरण्याचा मोहही अंगाशी येतो. इंग्रजीत कुठेही बसणारा तुकडा जर्मन भाषांतरात नामाच्या लिंगाशी आणि विभक्तीशी भांडतो. त्यामुळे अनुभवी टीम पूर्ण वाक्य किंवा पूर्ण पायरीच पुन्हा वापरतात.

इंजिनिअर मात्र जुनेच. रिव्ह्यूसाठी सुटे टॉपिक पाठवले, की विचारतात, “अख्खं पुस्तक कुठंय?” मग रायटर मॅपवरून पीडीएफ काढून देते. शेरे येतात: पान ३७, तिसरा परिच्छेद. तो परिच्छेद कोणत्या फाइलीत आहे, हे ती शोधत बसते.