संगणक संरक्षण, व्यवसायसंस्थांतील

व्यवसायसंस्थेच्या वापरातील संगणक, सर्व्हर, भ्रमणध्वनी व त्यांना जोडणारे जालक यांची व्यवस्था ठेवणे, त्यांच्या कार्यावर देखरेख करणे आणि त्यांतील माहितीचे नाश, चोरी वा फेरफार यांपासून रक्षण करणे, या परस्परावलंबी कार्यांचा समावेश या संज्ञेत होतो. माहितीची गुप्तता, तिची अविकृतता व गरजेच्या वेळी तिची उपलब्धता ही या संरक्षणाची तीन उद्दिष्टे मानली जातात. पैकी पहिल्या उद्दिष्टाकडे सामान्यतः अधिक लक्ष दिले जाते. तथापि संस्थेचे व्यवहार ठप्प होतात ते बहुधा तिसरे उद्दिष्ट ढळल्यामुळे होय.

पूर्वपीठिका : संगणक जोवर एका खोलीत बंदिस्त होता, तोवर खोलीचे कुलूप हेच त्याचे संरक्षण होते. जालकांमुळे ही स्थिती पालटली. १९८० मध्ये जेम्स अँडरसन यांनी संगणकाच्या वापराच्या नोंदी तपासून गैरवापर ओळखण्याची कल्पना मांडली व १९८७ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी तिला पद्धतशीर प्रतिमानाचे रूप दिले. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ या स्वयंप्रसारी आज्ञावलीने इंटरनेटला जोडलेले हजारो संगणक निकामी केले. त्यानंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींच्या निवारणाचे पहिले समन्वय केंद्र स्थापन झाले.

व्यवस्थापन : जे आपल्याजवळ आहे हेच ठाऊक नाही, त्याचे रक्षण करता येत नाही. म्हणून प्रत्येक यंत्र, त्यावरील आज्ञावली, तिची आवृत्ती व वापरकर्ता यांची सूची हा सर्व व्यवस्थेचा पाया होय. आज्ञावलीतील दोष आढळताच तिचा निर्माता दुरुस्ती प्रसृत करतो. ती वेळेवर बसविणे आवश्यक असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने सु. १५० देशांत उत्पात माजविला. तिने ज्या दोषाचा लाभ घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. याउलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीतील सदोष फेरबदलामुळेच सु. ८५ लाख संगणक बंद पडले व अनेक देशांतील विमानसेवा विस्कळीत झाली. यास्तव फेरबदल प्रथम थोड्या यंत्रांवर तपासून मग सर्वत्र लागू करणे इष्ट ठरते.

देखरेख : यंत्रांच्या नोंदी एकत्र करून त्यांतील अस्वाभाविक घटना शोधणे हे देखरेखीचे कार्य होय. अपरात्री झालेला प्रवेश, एकाच खात्याचा दूरदूरच्या ठिकाणांहून वापर, माहितीची अकस्मात मोठी निर्यात इ. लक्षणे सूचक असतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यात सु. ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचूच न देता हल्लेखोरांनी घुसविलेली यंत्रणा त्यांना परस्पर मंजुरी देत होती. शनिवारी, ११ ऑगस्ट रोजी, अनेक देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. कार्यालयीन वेळेबाहेरही देखरेख अखंड असावी लागते, हे अशा घटनांवरून दिसून येते.

संरक्षण : प्रत्येकास कामापुरताच प्रवेशाधिकार देणे, परवलीच्या शब्दाला ओळखीच्या दुसऱ्या पुराव्याची जोड देणे, जालकाचे विभाग पाडणे व हरवू शकणाऱ्या यंत्रांतील माहिती सांकेतिक रूपात ठेवणे हे प्रमुख उपाय होत. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती तत्काळ बंद करणे हा अल्पखर्ची, परंतु वारंवार दुर्लक्षिला जाणारा उपाय आहे.

राखीव प्रती : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक अन्य स्थळी, असा स्थूल नियम पाळला जातो. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीद्वारे पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ने डेन्मार्कमधील मेर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे कामकाज ठप्प केले, मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील या उद्योगसमूहाच्या धक्क्यावरील कामही विस्कळीत झाले. कोणास कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सु. १५० सर्व्हर परस्परांच्या प्रती बाळगून होते; पण ते एकाच जालकात असल्यामुळे एकदमच नष्ट झाले. घानामधील एक सर्व्हर मात्र वीज गेल्यामुळे जालकापासून तुटला होता व म्हणून वाचला. त्यावरील माहिती इंग्लंडला नेऊन पुनर्रचना करण्यात आली. सु. ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. सतत परस्परांशी जुळणाऱ्या प्रती यंत्रातील बिघाडापासून तारतात, हल्ल्यापासून नव्हे. म्हणून निदान एक प्रत जालकापासून अलग असावी व तीवरून माहिती परत मिळते किंवा नाही, हे ठरावीक काळाने प्रत्यक्ष करून पाहावे. तशी न पडताळलेली प्रत ही केवळ आशा होय.

भारतातील तरतुदी : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा या विषयावरील मूळ कायदा होय. संगणकविषयक आपत्तींच्या निवारणासाठी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था कार्य करीत आहे. तिच्या एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार विहित प्रकारच्या घटनांची वर्दी सहा तासांच्या आत देणे व प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक झाले. २०२३ मध्ये संमत झालेल्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात, माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लहान संस्थांना महाग यंत्रणा परवडत नाहीत. परंतु अद्ययावत सूची, वेळेवर दुरुस्ती, मर्यादित प्रवेशाधिकार व पडताळलेली अलग प्रत या चार गोष्टींना द्रव्यापेक्षा शिस्तच अधिक लागते. घानातील सर्व्हर वाचला तो योगायोगाने. योगायोगावर अवलंबून राहण्याची पाळी येऊ नये, हाच या व्यवस्थेचा हेतू होय.