माघ-फाल्गुनांतील खाडी, वारा आणि उधाण

कोंकणपट्टींतील आमच्या पुष्कळ वाचकांची शेती खाडीच्या कांठीं आहे. खारजमिनीवर जाण्यास, पलीकडच्या वाडींतील नारळ-सुपारी आणण्यास, किंवा फावल्या वेळीं गळ टाकून घरापुरती मासळी मिळविण्यास त्यांच्या दारीं एखादी लहान होडी बांधलेली असते. भाताची झोडणी आटोपली, वायंगणाची लावणी उरकली, आंब्याला मोहोर आला, अशा माघ-फाल्गुनाच्या दिवसांत ह्या होडीचा उपयोग अधिक होतो. आकाश निरभ्र, सकाळचें पाणी आरशासारखें. त्यामुळें ह्या दिवसांत भय म्हणून कांहीं नाहीं, अशी समजूत सहज होते.

एका अर्थानें ती समजूत खरी आहे. अरबी समुद्रांतील चक्रीवादळांचा काळ म्हणजे मुख्यतः मे-जून व ऑक्टोबर ते डिसेंबर. 'फयान' नोव्हेंबर २००९ मध्यें आलें, 'निसर्ग' ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ किनाऱ्यास लागलें, 'तौक्ते' मे २०२१ मध्यें किनाऱ्यालगत गेलें. माघ-फाल्गुनांत असें वादळ फारच क्वचित्. परंतु लहान होडीस बुडविण्यास वादळच लागतें असें नाहीं. रोजचा वारा आणि रोजची ओहोटी एका जागीं समोरासमोर आलीं म्हणजे तेवढीं पुरतात. हीं दोन केव्हां समोरासमोर येतात हें पंचांगावरून आधीं सांगतां येतें. तो हिशेब वाचकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

दिवसाचे दोन वारे

जमीन लवकर तापते व लवकर निवते. समुद्राचें पाणी दोन्ही बाबतींत मंद आहे. माघांत कोंकण किनाऱ्याजवळील पाणी वर्षांतील सर्वांत थंड असतें, तर दुपारचें ऊन दिवसेंदिवस कडक होत जातें. त्यामुळें जमीन व समुद्र यांच्या उष्णतेंतील अंतर ह्याच महिन्यांत मोठें होतें, आणि वाऱ्यांचा जोर त्याच अंतरावर अवलंबून असतो.

उत्तररात्रीं जमीन निवलेली असते. तिच्यावरील जड हवा समुद्राकडे वाहते. हा मतलई वारा. तो पहांटेपासून सकाळीं नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो व त्याच्या आधारानें होडी कष्टावांचून बाहेर पडते. पुढें घटका-दोन घटका वारा पडतो. मग अकरा-बाराच्या सुमारास पश्चिमेकडून खारा वारा सुरू होतो, हळूहळू वायव्येस वळतो, आणि दोन ते पांच ह्या वेळांत त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. सूर्यास्तानंतर तो ओसरतो.

ह्यांत एक अपवाद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. उत्तर हिंदुस्थानांतून पश्चिमी विक्षोभ पुढें सरकून गेल्यावर कधीं कधीं गार उत्तरेचा किंवा ईशान्येचा वारा एक-दोन दिवस नेट धरतो. अशा दिवशीं दुपार झाली तरी खारा वारा येत नाहीं व होडी किनाऱ्यापासून दूर लोटली जाते. सकाळीं दहानंतरहि जमिनीवरून जोराचा वारा वाहत असेल, तर केवळ वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीनें त्या दिवशीं खाडीचें मुख ओलांडूं नये.

भरतीचा हिशेब

मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यास भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जें उत्तर येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस चार पाऊणें तीन, म्हणून दुपारीं व रात्रीं तीन वाजतां. अष्टमीस आठ पाऊणें सहा, म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहा वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस बाराच्या सुमारास. पूर्ण भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. ह्या रीतींत अर्ध्या तासाचा फरक पडूं शकतो. मुंबईहून दक्षिणेस जावें तसतशी वेळ कांहींशी अलीकडे येते, आणि खाडीच्या मुखापासून जितकें आंत जावें तितकी ती उशिरां होते. म्हणून प्रत्येकानें आपल्या धक्क्यावर चार दिवस खूण करून स्वतःच्या जागेचा फरक एकदां काढून ठेवावा. अचूक वेळा हव्या असल्यास भारतीय सर्वेक्षण खात्याचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें दरवर्षीं प्रसिद्ध होतात.

पाण्याची चढउतारहि तिथीप्रमाणें बदलते. मुंबईस उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांमध्यें सरासरी बारा फुटांचें अंतर पडतें. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, तें पांच फुटांहूनहि कमी असतें. उधाणाची परमावधि पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशींच न होतां एक-दोन दिवस मागाहून होते. शिवाय २१ मार्चच्या सुमारास दिवस व रात्र समान होतात, तेव्हांचीं उधाणें विशेष मोठीं असतात.

सहा तासांत पाणी सारख्या गतीनें उतरत नाहीं. एकंदर उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक, असा साधारण क्रम असतो. म्हणजे उधाणाच्या दिवशीं बारांपैकीं सहा फूट पाणी मधल्या दोन तासांत निघून जातें. खाडीची ओढ त्याच वेळीं सर्वांत अधिक असते.

वारा व ओहोटी यांची गांठ

आतां हे दोन हिशेब एकत्र मांडावे. पौर्णिमा-अमावास्येस दुपारीं बाराला भरती पूर्ण होते, म्हणून ओहोटीची जोराची ओढ दोन ते चारच्या दरम्यान येते. खाऱ्या वाऱ्याचा जोरहि त्याच वेळचा. सर्व पंधरवड्यांतील सर्वांत मोठी ओहोटी व दिवसांतील सर्वांत जोराचा वारा हीं एकाच घटकेस खाडीच्या मुखाशीं समोरासमोर येतात.

लाट वाऱ्याबरोबर आंत येऊं पाहते आणि ओहोटी तिला बाहेर लोटते. पुढची लाट अडते, मागची तिच्या अंगावर येते. दोन लाटांमधील अंतर कमी होतें व लाट उंच आणि उभी होते. त्यांतच दाभोळ, बाणकोट, जयगड यांसारख्या खाड्यांच्या मुखाशीं वाळूचे उंचवटे असतात व ओहोटीबरोबर त्यांवरील पाणी उथळ होत जातें. तेथें ती उभी लाट फुटते. अशी लाट आडव्या होडीवर आली, तर पोहणारा माणूस असला तरी उपयोग होत नाहीं, कारण पाण्याची ओढ त्याला समुद्राकडेच नेते. अर्धा कोस बाहेर व अर्धा कोस आंत पाणी बरें असतें. धोका मधल्या तेवढ्या पट्ट्याचा असतो.

उलट अष्टमी-नवमीस बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण होऊन भरती लागते. तिची ओढ मंद असते, आणि वारा व पाणी दोन्ही खाडीच्या आंत जाणारीं असतात. त्या दिवशीं दुपारीं चार वाजतां परतणारी होडी जणूं हातानें धरून घरीं आणली जाते. तात्पर्य हें कीं, भांगाच्या दिवसांत दुपारचें परतणें सोयीचें. उधाणाच्या दिवसांत मात्र दुपारीं एकच्या आंत मुखाच्या आंत यावें, आणि उशीर झालाच तर बाहेर खोल पाण्यांत नांगर टाकून, वारा पडून ओहोटी सरेपर्यंत, म्हणजे सायंकाळपर्यंत थांबावें. घाईनें मुख ओलांडण्यापेक्षां चार तासांची उपासमार बरी.

वाचकांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस येते व होळी फाल्गुनी पौर्णिमेस. दोन्ही सण उधाणाचे. याच दिवसांत मुंबईची मंडळी गांवीं आलेलीं असतात, देवदर्शनास व शिमग्यास घरें भरलेलीं असतात, आणि दुपारच्या जेवणानंतर मुलें-पाहुणे होडींत बसून "जरा बाहेर" जाण्याचा हट्ट धरतात. वर्षांतील ज्या दुपारीं जाऊं नये, नेमक्या त्याच दुपारीं होडी सर्वांत अधिक भरलेली असते. धुळवडीच्या व त्यापुढील दिवशीं उधाण आणखी वाढलेलें असतें, हेंहि विसरूं नये.

वाऱ्यावांचून येणारी लाट

कधीं कधीं वारा मुळींच नसतां किनाऱ्यावर मोठ्या लाटा येऊं लागतात. ह्याचें कारण दूर आहे. हिंवाळ्यांत अरबस्तान व इराणचें आखात यांवरून 'शमाल' नांवाचा जोराचा वायव्य वारा वाहतो. त्यानें उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आमच्या किनाऱ्यास येऊन पोंचतात. गोव्यांतील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ह्या लाटांचा अभ्यास केलेला आहे. येथील आकाश पाहून त्यांचा अंदाज होत नाहीं. त्याकरितां हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज व हवामान खात्याची मच्छीमारांसाठीं असलेली सूचना पहावी. दोन्ही घरबसल्या मोबाइलवर मिळतात. खडकावर उभें राहून गळ टाकणारांना ह्या लाटांपासून भय अधिक, कारण दहा लहान लाटांमागून एखादी मोठी येते. कोरडा खडक पाहून जागा निवडावी. ओला खडक म्हणजे लाट तेथवर येऊन गेली, असें समजावें.

गळ टाकणारांस

उधाणांत खाडीचा तळ ढवळून पाणी गढूळ होतें व गळाचें वजन जागेवर ठरत नाहीं. त्या दिवसांत ओढीवर चालणारीं डोलीसारखीं जाळीं काम करितात. गळ करीत नाहीं. भांगाच्या दिवसांत पाणी निवळतें. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी उलटण्याआधीं कांहीं वेळ उभें राहतें. त्याच्या मागचा-पुढचा तास गळास उत्तम. जिताडा व तांबोशी कांदळवनाच्या मुळांशीं, खडकांच्या आडोशास व पुलांच्या खांबांजवळ राहतात. जिवंत कोळंबी किंवा बोयीचें पिल्लूं हें त्यांचें आमिष. थंडीच्या पहांटे उथळ जागेपेक्षां खोल डोह बरा. अलिबागेच्या खारेपाटांत शेताजवळील तळ्यांत जिताडा वाढविण्याची रीत आहे, तेव्हां लहान पिल्लें गळास लागल्यास सोडून द्यावीं. खाडींतील पिल्लांवरच तें तळें चालतें.

खारबांध व विहिरी

हाच हिशेब होडी नसलेल्या शेतकऱ्यासहि उपयोगीं आहे. पौष-माघांत मुंबईकडील किनाऱ्यास रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षां अधिक चढते. दिवसां बांध कोरडा पाहून निर्धास्त असलेल्या मालकाच्या शेतांत रात्रीं खारें पाणी शिरतें. म्हणून उधाणाच्या रात्रीं एकदां तरी कंदील घेऊन बांध पहावा, खेंकड्यांचीं बिळें व उघाडीच्या फळ्यांतील फटी हेराव्या, आणि दुरुस्तीचें मातीकाम पुढील भांगावर ठेवावें. त्या पांच-सहा दिवसांत पाणी बांधाच्या पायथ्याशींच राहतें व ओली माती बसण्यास अवधि मिळतो.

तसेंच, पावसाचें गोडें पाणी ह्या महिन्यांत नदींतून कमी येतें, त्यामुळें खारें पाणी दिवसेंदिवस खाडींत वर चढतें. मार्गशीर्षांत जेथून भाजीपाल्यास पाणी घेतलें, तेथील पाणी फाल्गुनांत मचूळ झालेलें असूं शकतें. पंप लावावयाचा तो ओहोटीच्या अखेरीस, आणि आधीं पाणी चाखून. कांठच्या विहिरीचा उपसाहि उधाणांत कमी ठेवावा.

होडींतील तयारी

माणसागणिक एक जीवरक्षक जाकीट, दोन वल्हीं व एक जास्त, नांगर व मुखाच्या खोलीच्या पांचपट दोर, पाणी उपसण्यास डबा, पिण्याचें पाणी, शिट्टी, विजेरी, आणि प्लास्टिकच्या पिशवींत बांधलेला मोबाइल. एवढें सामान प्रत्येक वेळीं असावें. समुद्रांत संकट आल्यास तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. कोठें जातों व केव्हां परतूं हें घरीं सांगितल्यावांचून निघूं नये. होडी उधाणाच्या शिखरास उंच चिखलांत रुतूं देऊं नये. पुढच्या भरत्या कमी कमी होत जातात व ती पंधरा दिवस तेथेंच अडकते.

ज्याच्या दारीं होडी आहे त्यानें आजच पंचांगांत महाशिवरात्र व होळी यांपुढें "एकच्या आंत परत" एवढे शब्द लिहून ठेवावे, आणि पाहुणे येतील तेव्हां तें पान त्यांस दाखवावें. पाहुण्यास नाहीं म्हणणें कोंकणांतील घरास जड जातें, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून त्यांस सकाळींच न्यावें. मतलई वारा, निवांत पाणी व वाढती भरती हीं सर्व त्या वेळीं अनुकूल असतात, आणि दुपारच्या पानावर सर्वजण घरीं असतात.