जोडकमाई आणि वरकमाई

यंदाच्या १ एप्रिलला १९६१ चा आयकर कायदा पायउतार झाला आणि २०२५ चा नवा कायदा गादीवर आला, तेव्हा नोकरी सांभाळून लेखणीवर चार पैसे मिळवणाऱ्या माझ्यासारख्याला, एखाद्या कडक पण परिचित मामलेदाराची बदली झाल्यावर वाटावी तशी हुरहूर वाटेल, अशी कल्पनाही मी कधी केली नव्हती. गतवर्ष आणि आकारणी वर्ष यांचा जो गुंता मला जन्मभर सुटला नाही, तो नव्या कायद्याने ‘करवर्ष’ या एका शब्दाने सोडवला, हे त्याचे उपकारच. परंतु त्याच सुमारास माझ्या जुन्या विवरणपत्रात तफावत असल्याचे एक यांत्रिक पत्र आले, आणि जी मिळकत माझ्या हाती पडलीच नाही ती मी दडवली काय, असे त्याने मला सविनय विचारले.

या कराचा प्राचीन इतिहास मी भराभर उरकतो. १८५७ च्या उठावानंतर रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० त तो आणला आणि त्याच वर्षी ते कलकत्त्यास निवर्तले. मागाहून १८८६ चा व १९२२ चा कायदा झाला. १९७३-७४ साली तर सर्वोच्च दर अधिभारासह शेकडा ९७.७५ वर चढला. ती व्यथा लक्षाधीशांची. तिचे गाऱ्हाणे त्यांनीच गावे. माझा इतिहास सुरू होतो तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ‘सरल’ नावाच्या छोटेखानी विवरणपत्रापासून.

त्या काळी मी एका अर्धसरकारी कार्यालयात होतो. पगारावरचा कर कचेरीच कापून घेई आणि त्याची बोच जाणवत नसे. जाणवे ती दिवाळी अंकांच्या मानधनाची, भाषांतराची, एखाद्या व्याख्यानाच्या पाकिटाची. कारण करमुक्त पायरी आणि तिच्या वरची शेकडा दहाची पायरी वेतनाने आधीच व्यापलेली असे, आणि लेखनाचा पहिलाच रुपया शेकडा वीसच्या पायरीवर जाऊन बसे. शिवाय ही मिळकत ‘व्यवसाया’च्या सदरात दाखवावी तर नोकराने खाजगी व्यवसाय केल्याचा संशय, म्हणून ती ‘इतर साधनां’च्या सदरात नम्रपणे मांडायची, आणि तीतून शाई, कागद व टपाल यांचा खरा खर्च तेवढा वजा करायचा. वर्षभराच्या पावत्या मी एका जुन्या वहीत डकवीत असे. जुलैच्या पावसात, कार्बन घालून लिहिलेले चलन बँकेत भरून मी आयकर कचेरीच्या रांगेत उभा राही. कारकून मजकुराकडे न पाहता शिक्का मारी, आणि ती पोच खिशात घालून परतताना, आपण होऊन सांगितले आणि सरकारने ऐकून घेतले, असे एक विलक्षण समाधान लाभे.

हे समाधान कार्यालयात मात्र थट्टेचा विषय होते. मराठीने जोडकमाई आणि वरकमाई हे दोन शब्द विनाकारण निर्माण केलेले नाहीत. ज्या टेबलांवर फायलींना वजन ठेवल्यावाचून गती येत नसे, त्यांच्या धन्यांना ना विवरणपत्र भरावे लागे ना रांग. आणि पाचशे रुपयांचा धनादेश मुकाट्याने वहीत लिहिणाऱ्या मला ते ‘हरिश्चंद्र’ म्हणत. त्यांपैकी एकाने तर माझ्या लेखनाला वरिष्ठांची परवानगी आहे काय, अशी पृच्छा लेखी केली होती. साहित्यविषयक प्रासंगिक लेखनाला सेवानियमांची आडकाठी नाही, हे सिद्ध करण्यात माझा एक पावसाळा गेला.

दुसरा हिशेब एका प्रकाशकाचा. भाषांतराच्या चोवीस हजारांतून त्याने शेकडा पाच दराने बाराशे रुपये कापले, परंतु कपातीचा दाखला काही दिला नाही. त्या दिवसांत दाखला कागदावर हाती असल्याखेरीज कपातीचे श्रेय मिळत नसे. मी पत्रे धाडली, खेटे घातले, प्रत्येक वेळी चहा प्यालो. शेवटी ते बाराशे मी दुसऱ्यांदा भरले. रक्कम सरकारात जमा झाली की त्याच्या गल्ल्यात राहिली, ते तो गल्लाच जाणे.

आज अशी लबाडी कठीण झाली, हे मान्य केलेच पाहिजे. २०२१ पासूनच्या वार्षिक माहिती विवरणात देणाऱ्याने कळवलेले सारे आधीच छापलेले असते. पण प्रकाशक रक्कम नुसती खात्यावर मांडूनही कर कापू शकतो, नव्हे त्याने तो कापावाच असा नियम. आणि म्हणूनच मला न मिळालेले पस्तीस हजार माझ्या नावावर दिमाखाने उभे राहिले. ‘माहिती बरोबर नाही’ असा अभिप्राय मी दिला. रांगेतल्या कारकुनासारखे त्यावर कोणी शिक्का मारील, ही आशा व्यर्थ.

लेखकाला शासनाने दाखवलेले एक सौजन्यही याच काळात ओसरले. ग्रंथांच्या स्वामित्वधनापैकी तीन लाखांपर्यंत वजावट देणारे ८० क्यूक्यूबी कलम आले, तेव्हा त्यातून मासिके, वृत्तपत्रे व शालेय पाठ्यपुस्तके वगळलेली पाहून मी हसलो होतो, कारण माझी बहुतेक मिळकत मासिकांचीच होती. परंतु निदान ग्रंथकर्त्याला कायद्याने ओळखले होते. २०२३-२४ पासून जी नवी पद्धती आपसूक लागू होते, तीत ती ओळखही नाही. दर कमी, आणि आपण कोण हे विचारणे बंद.

गेल्या दिवाळीत एका छोट्या अंकाच्या संपादकाने साडेसातशे रुपये पाकिटात घालून हाती दिले. यंत्राला त्याची खबर नाही, आणि माझ्यावाचून ती कोणी देणारही नाही. मी ती रक्कम जुन्या वहीत तारखेसह लिहिली, खाली रेघ मारली, आणि कितीतरी वर्षांनी जुलैची वाट पाहू लागलो.