चाकांची खुर्ची : निवड व वापर

चालणे अशक्य, कष्टदायक किंवा धोक्याचे झालेल्या व्यक्तीस बसल्या स्थितीत हिंडता-फिरता यावे म्हणून तयार केलेले चाके असलेले आसन. मराठी व्यवहारात 'व्हीलचेअर' हाच शब्द अधिक रूढ आहे. व्यक्तीने स्वतः हातांनी फिरविण्याची, दुसऱ्याने ढकलण्याची आणि विद्युत् शक्तीवर चालणारी असे तिचे मुख्य प्रकार असून स्कूटर व हाताने फिरवावयाची तीनचाकी सायकल ही तिचीच भावंडे होत. सामान्यतः हे साधन टेबल-खुर्चीप्रमाणे तयार मिळणारी वस्तू समजून विकत घेतले जाते. वस्तुतः ते चष्मा किंवा कृत्रिम पाय यांच्या जातीचे आहे. ते वापरणाऱ्याच्या शरीराच्या मापाचे, त्याच्या व्याधीला अनुरूप आणि त्याच्या घराच्या दारातून जाणारे नसेल, तर ते निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारकही ठरते.

इतिहास : न्यूरेंबर्गजवळील आल्टडॉर्फ येथील श्टेफान फार्फ्लर या पायांनी अधू असलेल्या घड्याळजीने १६५५ मध्ये हाताने दांडा फिरवून चालविण्याची तीनचाकी खुर्ची स्वतःसाठी तयार केली. इंग्लंडमधील बाथ या उष्ण झऱ्यांच्या गावी येणाऱ्या रुग्णांसाठी अठराव्या शतकात ढकलखुर्च्या प्रचारात आल्या. त्या त्या गावाच्याच नावाने ओळखल्या जात. सध्याच्या घडीच्या खुर्चीचा आकृतिबंध मात्र १९३३ मधला आहे. खाणीतील अपघातात जायबंदी झालेला हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज या अमेरिकन अभियंत्यांनी पोलादी नळ्यांची, मोटारगाडीत घालून नेता येईल अशी खुर्ची बनविली. दुसऱ्या महायुद्धात मेरुरज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन याने विद्युत् खुर्ची विकसित केली. स्कूटरचा उगम १९६८ मधला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ॲलन थीम याने कुटुंबातील मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या व्यक्तीसाठी ती तयार केली. ही व्यक्ती थोडे चालू शकत होती, पण लांबवर नाही. स्कूटर कोणासाठी आहे, हे या उगमावरूनच स्पष्ट व्हावे. यांपैकी बहुतेक साधने एका विशिष्ट माणसाच्या गरजेतून जन्मली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

चालण्याच्या मर्यादेचे स्वरूप : निवडीचा पहिला प्रश्न खुर्ची कोणती हा नसून चालणे कशामुळे थांबते हा होय. गुडघ्यांच्या संधिवातात पाय दुखतात, पण हात शाबूत असतात. हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या विकारात पाय ठीक असूनही दम लागतो; अशा व्यक्तीला हाताने फिरविण्याची खुर्ची देणे म्हणजे पायांचे श्रम हातांवर लादणे होय. आमवाती संधिशोथात बोटे व मनगटे वाकडी होतात आणि चाकाची कडी धरवत नाही. अर्धांगवायूत शरीराची एकच बाजू कामाची उरते. तेव्हा एका हाताने व त्याच बाजूच्या पायाने खुर्ची चालविता यावी म्हणून आसन इतके खाली हवे, की टाच जमिनीला टेकली पाहिजे. नेहमीच्या उंचीच्या खुर्चीत अशी व्यक्ती पुढे घसरत राहते आणि दोष मात्र तिच्या बसण्याला दिला जातो.

विकार स्थिर आहे, सुधारणारा आहे की वाढत जाणारा आहे, हेही वैद्याकडून समजून घ्यावे. मांडीचे हाड मोडल्यावर तीन महिन्यांसाठी लागणारी खुर्ची भाड्याने आणणे शहाणपणाचे असते, तर स्नायू उत्तरोत्तर दुबळे होणाऱ्या रोगात आजच्या शक्तीला साजेशी खुर्ची पुढील वर्षी अपुरी पडू शकते.

थोडेफार चालू शकणाऱ्यांच्या मनात एक भीती हमखास असते : खुर्ची घेतली की पाय कायमचे गेले. घरातील मंडळीही 'जमेल तेवढे चाला' असा आग्रह धरतात. या आग्रहात तथ्य आहे. सतत बसून राहिल्याने स्नायू रोडावतात, सांधे आखडतात. परंतु घरात काठीने चालणारी व्यक्ती बाजारात, रेल्वे फलाटावर किंवा लग्नसमारंभात खुर्ची वापरू शकते, आणि त्यामुळे वाचलेली शक्ती घरच्या चालण्यासाठी उरते. पडण्याच्या भयाने घराबाहेर पडणेच सोडून दिलेल्या वृद्धाचे चालणे खुर्चीवाचूनच अधिक लवकर बंद पडते.

मापे : खुर्चीच्या आसनाची रुंदी बसलेल्या व्यक्तीच्या नितंबांच्या रुंदीपेक्षा फार तर दोन-तीन सेंमी. जास्त असावी. 'ऐसपैस असलेली बरी' या समजुतीने रुंद खुर्ची घेतली, तर माणूस एका कुशीवर कलंडून बसतो, हात फाकवून चाके फिरवावी लागतात आणि खुर्ची स्नानगृहाच्या दारात अडते. आसनाची खोली नितंबांच्या मागील बाजूपासून गुडघ्यामागील खोबणीपर्यंतच्या अंतराहून तीन ते सहा सेंमी. कमी ठेवतात. ती जास्त झाल्यास आसनाची कडा पोटरीला रुतते व ते टाळण्यासाठी व्यक्ती कंबर पुढे सरकवून पोक काढून बसते. पायटा जमिनीपासून सु. ५ सेंमी. वर असावा. तो फार उंच असला, तर मांड्या आसनावरून उचलल्या जातात आणि शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो.

या शेवटच्या मुद्द्यात खरा धोका आहे. निरोगी माणूस बसल्या जागी नकळत सतत चुळबुळ करीत असतो. मेरुरज्जूच्या इजेमुळे संवेदना गेलेल्या व्यक्तीला दाब जाणवत नाही आणि हलताही येत नाही. हाडांच्या टोकांखालील त्वचेचा रक्तपुरवठा तासन्‌तास रोखला गेल्यास तेथील ऊतक मरते व शय्याव्रण होतो. वरून लहानशा लाल चट्ट्यासारखा दिसणारा हा व्रण आत हाडापर्यंत गेलेला असू शकतो. तो भरून येण्यास महिने लागतात, आणि त्यात जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास प्राणही जातात. म्हणून अशा व्यक्तीच्या बाबतीत खुर्चीइतकीच गादी महत्त्वाची असते. स्पंजाची, हवेच्या कप्प्यांची व जेलची असे गाद्यांचे प्रकार आहेत. हवेची गादी उत्तम दाब वाटते, परंतु तिच्यातील हवा नियमित तपासावी लागते. स्पंज स्वस्त असतो, पण कालांतराने दबून जातो आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. गादीखाली हात घालून हाडाचे टोक तळाला टेकत नाही ना, हे पाहण्याची सवय घरच्यांनी लावून घ्यावी. कोणतीही गादी असली, तरी दर अर्ध्या तासाच्या आत एकदा पुढे वाकून किंवा बाजूला झुकून दाब हलका करणे व दररोज आरशाने त्वचा पाहणे चुकत नाही.

घडीच्या स्वस्त खुर्चीचे कापडी किंवा रेक्झीनचे आसन काही महिन्यांत झोळीसारखे खाली लोंबते. मांड्या एकमेकींकडे वळतात, कटिभाग तिरपा होतो आणि पाठीचा कणा वाकतो. रुग्णालयात रुग्णाला एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्यासाठी ही खुर्ची ठीक आहे. तीत दिवसाचे दहा तास बसणे अभिप्रेतच नाही. तरीही दानशूर संस्थांच्या शिबिरांतून बहुधा तीच, एकाच मापाची, शेकड्यांनी वाटली जाते. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वापरणाऱ्याचे मूल्यमापन, माप घेणे, खुर्ची जुळविणे, वापराचे शिक्षण आणि पुढील देखभाल हे सर्व मिळूनच खुर्ची देणे होय, असा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे.

हाताने चालविण्याची खुर्ची : पोलादी घडीच्या खुर्चीचे वजन सामान्यतः सु. १८ ते २० किग्रॅ. असते, ॲल्युमिनियमच्या, घडी न होणाऱ्या सक्रिय वापराच्या खुर्चीचे याच्या निम्म्याच्या आसपास. मागील चाकांचा आस किती पुढे बसविला आहे, यावर तिचे वर्तन अवलंबून असते. आस पुढे असल्यास भार मोठ्या चाकांवर येतो, खुर्ची हलकी चालते व चटकन वळते, पण मागे उलटण्याची शक्यता वाढते. दोन्ही पाय कापलेल्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य मागे सरकलेला असतो, म्हणून तिच्यासाठी आस मुद्दाम मागे घेतात. हात चाकाच्या कडीच्या माथ्यावर ठेवला असता कोपराचा कोन काटकोनाहून थोडा मोठा असावा. वर्षानुवर्षे खुर्ची ढकलणाऱ्यांचे खांदे दुखावतात. तोकडे व वारंवार झटके देण्याऐवजी लांब, सावकाश रेटा देऊन हात कडीच्या खाली सैल सोडण्याची पद्धत भौतिकोपचार तज्ज्ञ शिकवितात.

हातटेके काढता येणारे आणि पायटे बाजूला वळणारे असल्यास पलंगावर सरकणे सोपे होते. पायट्यावर उभे राहून खुर्चीतून उठू पाहणे हे पुढे आपटण्याचे नेहमीचे कारण आहे. दुसऱ्याने ढकलावयाची खुर्ची घेताना ढकलणाऱ्याचाही विचार करावा. बहुधा तो वयस्क पती किंवा पत्नीच असतो, आणि रिक्षात खुर्ची चढविणेही त्याच्याच वाट्याला येते.

तीनचाकी सायकल : हाताने दांडा फिरवून चालविण्याची ही सायकल भारतीय रस्त्यांवर परिचित आहे. मोठ्या चाकांमुळे ती खडबडीत वाटेवर खुर्चीपेक्षा सुखाने व दूरवर जाते. टपरी चालविणारे, कामावर जाणारे अनेकजण तिच्यावरच अवलंबून आहेत. मात्र ती घरात येत नाही. दारापासून आतले अंतर कसे काटावयाचे, हा प्रश्न ती सोडवीत नाही. खुर्चीच्या पुढे मोटरचे चाक जोडून तिचेच तीनचाकी वाहन बनविण्याचा उपाय चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाला असून २०२० पासून तो बाजारात आहे.

विद्युत् खुर्ची व स्कूटर : ही दोन साधने एकमेकांच्या जागी चालतात, असा समज आहे. विद्युत् खुर्ची बोटाने हलविण्याच्या छोट्या दांडीवर चालते. हात क्षीण असलेली, सारा दिवस बसून काढणारी व्यक्ती ती वापरू शकते. तिला पाठीचा व मानेचा आधार जोडता येतो. स्कूटरच्या सुकाणूला दोन्ही हात पुढे करून धरावे लागतात. त्यासाठी धड सावरता येणे, पाय उचलून चढता-उतरता येणे आणि वळणारी बैठक फिरवून उभे राहता येणे आवश्यक असते. म्हणजे ती चालण्याचे अंतर संपलेल्यांसाठी आहे, चालणे संपलेल्यांसाठी नव्हे. तिची लांबी सु. एक मीटर वा अधिक असल्याने लहान खोल्यांत ती वळत नाही. तीनचाकी स्कूटर कमी जागेत वळते, चारचाकी उतारावर अधिक स्थिर असते. पक्षाघातानंतर एका बाजूचे दिसणे किंवा त्या बाजूचे भान हरपले असेल, तर दोन्ही वाहने धोक्याची. दृष्टी तपासल्यावाचून ती घेऊ नयेत.

विक्रेता सांगतो ते अंतर नव्या घटमालेचे व सपाट रस्त्याचे असते. चढ, खड्डे, वाढलेले वजन आणि घटमालेचे वय यांनी ते बरेच घटते, म्हणून रोजच्या गरजेच्या दुप्पट क्षमता धरणे बरे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून वाहन नेल्यास मोटर व नियंत्रक बिघडतात. दुरुस्ती करणारा जवळ आहे काय, याची चौकशी किमतीच्या आधी करावी. पंक्चर जवळच्या सायकलच्या दुकानात निघणारी साधी खुर्ची पुष्कळदा परदेशी यंत्रापेक्षा अधिक काळ साथ देते.

घर व परिसर : आसन ४५ सेंमी. रुंद असलेली खुर्ची बाहेरून सु. ६५ सेंमी. भरते आणि हातांसाठी दोन्ही बाजूंस जागा लागते. दार ९० सेंमी. असावे, असा संकेत आहे. आपल्याकडील स्नानगृहाची दारे त्याहून बरीच अरुंद असतात. जागच्या जागी वळण्यास सु. दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. उताराचे प्रमाण एकास बारा मानतात. म्हणजे १५ सेंमी. उंचीच्या एका पायरीसाठी १८० सेंमी. लांब उतार हवा, आणि कोकणातील घराच्या जांभ्याच्या तीन पायऱ्यांसाठी जवळजवळ साडेपाच मीटर. फळी टाकून केलेला तीव्र उतार खुर्ची मागे उलटविणारा सापळाच असतो. उंबरठा, उकिडवे बसावयाचे शौचकूप, चाळीतील सज्जाच्या टोकाचे सामायिक शौचालय या अडचणी पाश्चात्त्य पुस्तकांत सापडत नाहीत. शौचासाठी आसनाला छिद्र असलेली वेगळी खुर्ची घेणे बहुतेक घरांत अपरिहार्य ठरते. म्हणून खरेदीपूर्वी घरातील प्रत्येक दार, वळण व पलंगाची उंची फितीने मोजावी.

भारतातील सोयी : कानपूर येथील भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम ही १९७२ मध्ये स्थापन झालेली केंद्र शासनाची संस्था खुर्च्या व तीनचाकी सायकली तयार करते. गरजू दिव्यांगांना साधने देण्याची केंद्रीय योजना १९८१ पासून, तर दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीची वयोश्री योजना २०१७ पासून सुरू आहे. मुंबईत हाजीअली येथील १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्थेत तज्ज्ञांकडून तपासणी होते. पुण्याजवळ खडकी येथे मेरुरज्जूची इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करण्याचे बंधन घातले आहे. तथापि अनेक शासकीय कार्यालयांच्या दारात आजही पायऱ्याच स्वागताला असतात.

खुर्ची घेताना वापरणारी व्यक्ती स्वतः हजर असावी आणि तिने तीत निदान अर्धा तास बसावे, ती स्वतः चालवावी, तीतून पलंगावर जाऊन परत यावे. वाढत्या मुलाची खुर्ची वर्षातून किमान एकदा पुन्हा मोजून घ्यावी लागते. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठी घेतलेली खुर्ची त्याच्या कण्याला वाकवू शकते. घरी आल्यावर आठवड्यातून एकदा रोधक, टायरमधील हवा, सैल झालेले स्क्रू आणि पुढच्या लहान चाकांत अडकलेले केस व दोरे पाहावेत.