शेवयांचा पाट भंगारात देण्याआधी



संग्रहालय म्हटलं की आपल्याला तलवारी, तोफा आणि राजांचे पोशाख आठवतात. पण रोजच्या स्वयंपाकालाही संग्रहालयात मानाची जागा मिळू शकते. अशा दोन ठिकाणांबद्दल आज आपण बोलू.

पहिलं आपल्या महाराष्ट्रातलं, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहायचे. साधारण १९२० पासून त्यांनी जुन्या घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहान वयात गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि सगळा संग्रह शासनाकडे सोपवला. आज तिथं वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. ज्या वस्तू बायांच्या हातात रोज फिरल्या, त्या तिथं काचेच्या कपाटात जपल्या आहेत.

दुसरं जपानमधलं, ओसाकाजवळच्या इकेडा शहरातलं. ते १९९९ मध्ये सुरू झालं आणि ते आहे फक्त झटपट नूडल्सचं! मोमोफुकू आंडो यांनी घरामागच्या शेडमध्ये खटपट करून १९५८ मध्ये या नूडल्स बाजारात आणल्या. तशीच शेड संग्रहालयात उभी केली आहे. येणाऱ्यांना स्वतः पीठ मळून नूडल्स करून बघता येतात.

त्यामागची युक्ती साधी आहे. नूडल्स गरम तेलात तळल्या की त्यांतलं पाणी निघून जातं आणि बारीक छिद्रं पडतात. ओलावा नसल्यानं त्या टिकतात आणि गरम पाणी घातलं की छिद्रांतून ते शोषून मऊ होतात. आंडोंना ही कल्पना सुचली ती बायकोला तळण करताना बघून, असं सांगतात.

आता आपल्या शेवया बघा. आपण तेलाऐवजी उन्हाचा उपयोग करतो. ओलावा गेला की वर्षभराची बेगमी झाली. कुरड्या आणि मुगवड्यांचंही तेच. म्हणजे हे शास्त्र आपल्या अंगणात आधीपासूनच आहे, फक्त ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही विचारलं, हातावरच्या शेवया कुणाकुणाला येतात? हात वर झाले ते साठीच्या पुढच्या बायांचेच. बाकी सगळ्या मशीनवरच्या. घरातले पाट भंगारवाल्याकडे चालले आहेत. पाट गेला तर नवा करता येईल, पण कणीक किती तिंबायची, हे ज्या हातांना कळतं ते हात गेले की मग कुणाला विचारायचं?

म्हणून एक वही करा. प्रत्येक जुन्या वस्तूसाठी चार गोष्टी लिहा: तिचं आपल्या गावातलं नाव, ती कशी वापरायची, कोणत्या महिन्यात वापरायची आणि ती कुणाकडून आली. आजी सांगेल आणि शाळेत जाणारी नात लिहील. वस्तू ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत मांडता येतील. गट शेवया विकत असेल, तर त्यातल्याच दोन ओळी पाकिटावर छापा. घेणाऱ्याला कळू द्या की यामागे कुणाचे हात आहेत.

पुढच्या बैठकीला येताना हिशेबाच्या वहीसोबत ही वहीही आणा.