रक्ताच्या मूळपेशींना निवांत कोण ठेवतं?

अस्थिमज्जेतल्या रक्ताच्या मूळपेशी बहुतेक काळ स्वस्थ असतात, विभागतात क्वचितच. ही स्वस्थता कशामुळे टिकते, याचा एक धागा बेंगळुरूच्या जक्कूरमधील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात सापडला. मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेने ‘असृज’ या प्रथिनाचा माग फळमाशीत आणि उंदरात काढला. २०१९ मध्ये ‘ब्लड’ नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा : असृज नसेल तर ‘पी-५३’ हे कर्करोगरोधक प्रथिन जास्त प्रमाणात नष्ट होतं, मूळपेशी जाग्या होऊन वाढत जातात आणि उंदरांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा अतिरेक होऊ लागतो. हा ल्युकेमिया नव्हे, पण त्या वाटेवरचा टप्पा.

माणसांतही एखादी मूळपेशी अशी वाढत जाते : सत्तरीनंतर दहापैकी एकाहून अधिक जणांच्या रक्तात एकाच बदललेल्या मूळपेशीची पिलावळ आढळते, हे २०१४ मध्ये कळलं. त्यांपैकी वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का लोकांनाच रक्ताचा कर्करोग होतो. तो रोखणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. २०१७ मध्ये उंदरांत ‘क’ जीवनसत्त्वाने थोडी आशा दाखवली. म्हणून कुणी लिंबं पिळत बसू नये. तंबाखूचा धूर आणि बेंझीन टाळणं मात्र आजही हातात आहे.